झोहरा सेहगल आणि यादीतून खोडलेलं एक नाव

गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये शाळेच्या गॅदरिंगची यादी करताना मी एक नाव खोडलं. यादी अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली नव्हती. कुणाची तक्रार आली नव्हती, कुणा पालकांचा फोन आला नव्हता. मीच लिहिलेलं नाव मीच खोडलं. हा लेख त्या नावाबद्दल आहे. आणि लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या एका म्हातारीबद्दल.

मी एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या गॅदरिंगमध्ये हम्द, नात, तकरीर, एखादी कव्वाली, एखादी नाटिका असं सगळं असतं. त्यात एक कार्यक्रम मराठीचा असतो आणि तो अर्थातच माझ्या गळ्यात पडतो. गेल्या वर्षी मी कोळीनृत्य बसवायचं ठरवलं. पाचवी-सहावीच्या सात मुली आणि नववीतली एक, अशा आठ जणी. नववीतल्या त्या मुलीचं नाव मी इथे लिहीत नाही. तिचे वडील रिक्षा चालवतात. मोबाइलवर दोनदा पाहून तिने सगळ्या स्टेप्स पाठ केल्या. तिसऱ्या दिवसापासून बाकीच्या सात जणी माझ्याकडे न बघता तिच्या पायांकडे बघून नाचायला लागल्या.

चौथ्या दिवशी मी खिडकीशी उभी राहून बघत होते. एकदम मनात आलं, ही नववीतली, अंगाने थोराड. नेसवायचं नऊवारी. कुणीतरी व्हिडिओ काढणार, तो मोहल्ल्यातल्या ग्रुपवर जाणार. मग कुणीतरी विचारणार, हे बसवलं कुणी? त्या शेवटच्या प्रश्नाशी मी थांबले. घरी जाऊन यादी काढली आणि तिचं नाव नृत्यातून काढून सूत्रसंचालनात टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. माझ्याशी ती मुद्दाम मराठीत बोलते, सराव व्हावा म्हणून. म्हणाली, "आपा, मला जमत नव्हतं का?"

खरं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "जमत होतं गं. पण तुझे हात जरा जड पडतात. तुझा आवाज छान आहे, तू सूत्रसंचालन कर."

तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि "बरं आपा" म्हणून गेली. सूत्रसंचालन तिने उत्तम केलं. टाळ्या पडल्या. सत्कारात मलाही गुलाबाचं फूल मिळालं.

पुढे फेब्रुवारीत आठवीला नज्म शिकवायची होती. नज्म कशी म्हणावी हे मुलांना ऐकवावं म्हणून मोबाइलवर शोधत होते. शोधता शोधता एक म्हातारी समोर आली. पांढरे केस, सुरकुतलेला चेहरा. हफीज जालंधरी यांची एक नज्म तोंडपाठ म्हणत होती. हातात कागद नाही. एक भुवई वर जायची, बोटं हवेत उघडायची, मान इतकीशी वळायची आणि समोरचं सभागृह हसायचं. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. मग आठवलं. आमच्या घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि दादी.

1990 च्या आसपास दूरदर्शनवर मुल्ला नसीरुद्दीनची मालिका लागायची. रघुवीर यादव मुल्ला व्हायचे. त्यात ही बाई होती. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आमची दादी टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायची, कारण तिच्या मते टीव्हीत बघण्यासारखं काही नसतं. पण या बाईचा आवाज आला की सूप खाली ठेवायची आणि वळून बसायची. आम्ही घरात दखनी बोलतो. दादी म्हणायची, "इसकी आँखां देखो गे, आँखां." ती नाचते असं कुणी सांगितलं नव्हतं. ती तर बसलेली किंवा उभी असायची. पण दादीला काहीतरी कळलं होतं. एकदा म्हणाली, ही बाई बसल्या जागी नाचते.

त्या बाईचं नाव झोहरा सेहगल. तिला मी या लेखात 'ती'च म्हणणार आहे. दादीने ओळख करून दिलेल्या माणसाला 'त्या' म्हणायला जीभ वळत नाही.

उर्दूच्या तासाला मुलं नावांचे अर्थ विचारतात. ज़ोहरा म्हणजे शुक्राची चांदणी. ज़हरा वेगळं, ते हजरत फातिमा यांच्या नावाशी जोडलेलं. मराठीत लिहिताना दोन्ही 'झ'वर येऊन एकाच रांगेत बसतात, म्हणून हा खुलासा. पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळेला दिसणारी ही चांदणी. या बाईच्या आयुष्याला ते नाव चपखल बसतं. तिची संध्याकाळ तिच्या पहाटेइतकीच उजळ होती.

तिचा जन्म 27 एप्रिल 1912 चा, सहारनपूरचा. पूर्ण नाव साहिबजादी झोहरा मुमताजुल्ला खान. घराणं रामपूरच्या रोहिला पठाणांचं. सात भावंडांत ती तिसरी. आई लवकर गेली. पण जाण्याआधी आईने इच्छा बोलून ठेवली होती की मुलींना लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये शिकवायचं. तिथे पडदा कडक होता. म्हणजे पडद्यात राहून शिक्षण, असा तो मार्ग होता. तरीसुद्धा शंभर वर्षांपूर्वी एका आईने मरताना मुलींच्या लग्नाऐवजी त्यांच्या शाळेचं नाव घ्यावं, याला मी लहान गोष्ट मानत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया आजही शाळेत येऊन दबक्या आवाजात विचारतात, दहावीनंतर पुढे काय, आपा? त्या विचारण्यात मला तीच आई दिसते.

शिक्षण झाल्यावर तिचे मामा पुढे आले. ते एडिंबरोत होते. तिला नाटकात काम करायचं होतं आणि मामांनी ते मनावर घेतलं. 1930 मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी मोटारीतून निघाली. लाहोरहून इराण, पॅलेस्टाइन, दमास्कस, मग इजिप्त आणि तिथून बोटीने युरोप. आज आमच्या गावातून मुलींची सहल महाबळेश्वरला न्यायची तर मला पंचेचाळीस संमतिपत्रं गोळा करावी लागतात. तिच्या प्रवासाचा नकाशा मी भूगोलाच्या सरांकडून मागून घेतला आणि बोट फिरवून पाहिलं. बोट दमलं.

युरोपात गेल्यावर बेत बदलला. नात्यातल्या एका बाईंनी तिला जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत नेलं. मेरी विगमन हे त्या काळातलं आधुनिक नृत्यातलं फार मोठं नाव. बॅलेचे ठरीव साचे बाजूला ठेवून, मनात जे आहे ते अंगातून बाहेर काढायचं, अशी त्यांची रीत. झोहराने तोपर्यंत नृत्याचं काहीही शिक्षण घेतलेलं नव्हतं. पडद्यातल्या शाळेतून आलेली मुलगी, तिला नाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी तिला प्रवेश मिळाला. त्या शाळेत शिकलेली ती पहिली भारतीय. तीन वर्षं ती तिथे राहिली.

हे मी वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

ज्या मुलीला काहीच येत नव्हतं तिला एका परक्या देशातल्या शिक्षिकेने वर्गात घेतलं. आणि जिला येत होतं तिला मी, तिच्याच भाषेची, तिच्याच मोहल्ल्याजवळ राहणारी शिक्षिका, म्हणाले की तुझे हात जड आहेत. नाव खोडण्यापेक्षाही हे वाक्य वाईट होतं. नाव खोडलं ते माझ्या भीतीने. पण ती भीती मी तिच्या हातांवर ढकलली. "मला लोकांची भीती वाटते" असं म्हणाले असते तर ती मला भित्री समजली असती. तेवढंच. त्याऐवजी तिने स्वतःला बेढब समजावं अशी व्यवस्था मी केली. बी.एड.ला असताना आम्हाला सराव पाठांच्या वेळी एक गोष्ट घोकून घेतली होती, चूक दाखवायची ती कृतीतली दाखवा, मुलाला नावं ठेवू नका. वीस वर्षं ते पाठ आहे. पण इथे तर कृतीत चूकही नव्हती.

झोहराची गोष्ट पुढे नेते. जर्मनीत असतानाच तिने उदयशंकर यांचा शिवपार्वतीचा कार्यक्रम पाहिला. ते तेव्हा मंडळी घेऊन युरोपात फिरत होते. ती जाऊन त्यांना भेटली. ऑगस्ट 1935 मध्ये ती त्यांच्या पथकात दाखल झाली आणि जपान, इजिप्त, युरोप, अमेरिका असे दौरे केले. सिमकी नावाची फ्रेंच नर्तकी त्या पथकात आघाडीवर होती, तिच्या बरोबरीने झोहरा नाचायची. पुढे उदयशंकर यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं तेव्हा ती तिथे शिक्षिका झाली. आपले गुरुदत्त त्याच केंद्राचे विद्यार्थी. नंतर त्यांच्या 1951 च्या 'बाजी'मधली नृत्यं झोहराने बसवली.

अल्मोड्यातच तिला कामेश्वर सेहगल भेटले. इंदूरचे, विज्ञान शिकलेले, चित्रकार, नर्तक. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. घरच्यांची नाराजी होती, ती हळूहळू निवळली आणि 14 ऑगस्ट 1942 रोजी दोघांनी लग्न केलं. लग्नाला जवाहरलाल नेहरू येणार होते असं सांगतात. पण 'चले जाव'च्या धरपकडीत ते पाच दिवस आधीच तुरुंगात गेले. पुढे अल्मोड्याचं केंद्र पैशाअभावी बंद पडलं. नवराबायकोने लाहोरला जाऊन स्वतःची नृत्यसंस्था काढली. नाव ठेवलं झोहरेश. झोहरा आणि कामेश्वर. पण लाहोरची हवा बिघडत चालली होती. हिंदू-मुस्लिम जोडप्याला ती आधी जाणवली असणार. वर्षाची मुलगी कडेवर घेऊन ते मुंबईला आले.

इथून ती आपल्या मुलखातली होते. तिची धाकटी बहीण उझरा आधीच मुंबईत पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये काम करत होती. 1945 मध्ये झोहराही तिथे आली. महिना चारशे रुपये पगार. चौदा वर्षं ती त्या मंडळींबरोबर देशभर हिंडली. मुंबईत ऑपेरा हाऊसला त्यांचे प्रयोग व्हायचे. 'दीवार', 'पठाण', 'गद्दार', 'आहुती' ही त्यांची नाटकं. फाळणीच्या आगीत हिंदू-मुस्लिम एकत्र राहू शकतात का, हाच प्रश्न ती नाटकं विचारत होती. प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी घेऊन उभे राहायचे आणि प्रेक्षक त्यात मदत टाकायचे. नायिकेच्या भूमिका बहुतेक उझराकडे जायच्या. जग फिरून आलेली, परदेशात नाव झालेली मोठी बहीण धाकटीच्या मागे उभी राहून लहान भूमिका करायची, नृत्यं बसवायची. त्याच काळात ती इप्टातही होती. 1946 मध्ये इप्टाच्या 'धरती के लाल'मध्ये आणि चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'मध्ये तिने काम केलं. 'नीचा नगर'ला त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

इथे मला एका शब्दावर थांबायचं आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे नाटकाची तालीम, आणि कुस्तीचा आखाडाही. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीचा तास घेताना मी मुलांना ही गंमत सांगते आणि ती हसतात. झोहराच्या बाबतीत मला हे तिन्ही अर्थ एकच वाटतात. तिची शाळा, तिचा रंगमंच आणि तिचं अंग कमावणं, हे तिने कधी वेगळं केलंच नाही. नृत्यात तिने वीस-बावीस वर्षं अंग वळवलं होतं. पुढे नाच थांबला तेव्हा ते अंग अभिनयाच्या कामी आलं. दादीला टीव्हीवर जे दिसलं होतं ते हेच.

1959 मध्ये कामेश्वर यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पदरात दोन मुलं, किरण आणि पवन. पृथ्वी थिएटरही शेवटाला आलं होतं. त्या वेळी तिच्या मनात काय होतं याची कल्पना मी करणार नाही. नंतर तिने काय केलं तेवढंच सांगते. ती दिल्लीला गेली, तिथल्या नाट्य अकादमीचं काम सांभाळलं. मग नाटकाच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि 1962 मध्ये लंडनला गेली. तेव्हा वय पन्नास.

मी पंचेचाळिशीची आहे. आमच्या स्टाफरूममध्ये पन्नाशीची वाक्यं ठरलेली असतात. आता काय राहिलंय? मुलांची लग्नं झाली की झालं. गुडघे धरलेत. पेन्शनचं काय होणार? मीही ती बोलते. झोहरा त्या वयात अशा शहरात गेली जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. रामगोपाल यांच्या चेल्सीमधल्या नृत्यशाळेत तिने उदयशंकर शैलीचं नृत्य शिकवलं. 1964 मध्ये बीबीसीवर किपलिंगच्या एका कथेवरच्या कार्यक्रमात तिला भूमिका मिळाली. टीव्हीवरचं तिचं ते पहिलं काम. वय बावन्न. 'डॉक्टर हू' या तिथल्या गाजलेल्या मालिकेतही ती छोट्या कामात दिसली. गोऱ्या लोकांच्या टीव्हीवर तेव्हा हिंदुस्थानी बाईला काम म्हणजे आया, मोलकरीण, कुणाची तरी आई. मिळेल ते ती करत राहिली. 1976-77 मध्ये बीबीसीच्या 'पडोसी' या कार्यक्रमाचे सव्वीस भाग तिने सादर केले.

मोठं काम मिळालं ते 1984 मध्ये. 'द ज्युवेल इन द क्राऊन' ही पॉल स्कॉट यांच्या कादंबऱ्यांवरची मालिका, इंग्रजी राजवटीच्या शेवटच्या वर्षांची. त्यात झोहरा लेडी चॅटर्जी झाली. बहात्तराव्या वर्षी ब्रिटनच्या घराघरांत तिचा चेहरा पोचला. पाठोपाठ सईद जाफरी यांच्याबरोबर 'तंदूरी नाइट्स' ही विनोदी मालिका आली. मग ती मायदेशी आली. आपल्या दूरदर्शनच्या पडद्यावर दिसली ती तेव्हा. नव्वदच्या दशकात 'अम्मा अँड फॅमिली' आली. त्यानंतर 'दिल से', 'हम दिल दे चुके सनम', 'वीर-झारा'. 'वीर-झारा'त ती झाराला वाढवणारी शीख बेबे आहे. तिच्या अस्थी घेऊन झारा सरहद्द ओलांडते आणि तिथून सगळी गोष्ट सुरू होते. 2007 मध्ये 'चीनी कम'मध्ये ती अमिताभ बच्चन यांची आई होती. पंचाण्णव वर्षांची.

खऱ्या आयुष्यात सरहद्द तिच्या घरातूनच गेली होती. उझरा 1964 मध्ये पाकिस्तानात गेली. दोन बहिणी, एकीची लंडन-दिल्ली, एकीचं पाकिस्तान. 1993 मध्ये लाहोरच्या अजोका थिएटरने 'एक थी नानी' नावाचं नाटक केलं. फाळणीने दूर केलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणींची गोष्ट. त्यात त्या दोघींनी एकत्र काम केलं. ज्या लाहोरात पडद्यात शिक्षण झालं, तिथेच ऐंशी ओलांडलेली झोहरा बहिणीसमोर रंगमंचावर उभी राहिली. माझ्या आजोळची अर्धी माणसं 1950 नंतर कराचीला गेली आणि पुन्हा भेटली नाहीत. दादीच्या घरातलं मला माहीत आहे, आजोळचं फक्त पत्रांतून. म्हणून या नाटकाबद्दल वाचताना मी बराच वेळ पुढे सरकले नाही.

स्वतःच्या रूपाबद्दल ती जे म्हणायची ते प्रसिद्ध आहे. आता मी म्हातारी आणि कुरूप आहे, पण तरुण आणि कुरूप होते तेव्हा मला पाहायला हवं होतं, अशा अर्थाचं. लोक हसतात. मला त्यात दुसरंही काही ऐकू येतं. उझरा देखणी, आणि ही तिच्या शेजारी उभी. आपण कसे दिसतो हे दुसऱ्याने सांगण्याआधी तिनेच सांगून टाकलं आणि कामाला लागली.

1998 मध्ये पद्मश्री, 2010 मध्ये पद्मविभूषण. 10 जुलै 2014 रोजी दिल्लीत ती गेली. एकशे दोन वर्षांची होती.

हे सगळं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमच्या एक ज्येष्ठ आपा म्हणाल्या, "पण ती आपली कुठे राहिली?" प्रश्न खोटा नाही. तिने पडदा सोडला, लग्न दुसऱ्या धर्मात केलं, ती स्वतःला धार्मिक म्हणवत नव्हती, अंत्यसंस्कारही दहनाने झाले. मी नमाज पढते, डोक्यावर ओढणी घेते आणि मला त्यात अडचण वाटत नाही. झोहरासारखं जगावं असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही आणि माझी वाटही ती नाही. पण त्या आपांना मी एवढंच म्हणाले की तिची उर्दू आपली होती. शेवटपर्यंत, नव्वदी ओलांडल्यावरही, ती पानंच्या पानं नज्मा तोंडपाठ म्हणत होती. आमच्या शाळेत असा तोंडपाठ म्हणणारा एक शिक्षक दाखवा. त्या हसल्या. विषय तिथे संपला, प्रश्न नाही संपला.

मार्चमध्ये पालक सभा झाली. त्या मुलीची अम्मी आली होती. निघताना म्हणाली, "तिला नाचायचं होतं गॅदरिंगला. मी नऊवारी पण मागून ठेवली होती शेजारच्या काकूंकडून. मग म्हणाली, आपा म्हणतात जमत नाही." मी विचारलं, अब्बांची काही हरकत होती? तिला प्रश्नच कळला नाही. "हरकत कशाची? शाळेतच तर होतं ना."

म्हणजे मोहल्ला माझ्याच डोक्यात होता. तो असतो हे मी नाकारत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या घरी हरकत असतीच, आणि तिथे मला घरच्यांशी बोलावं लागलं असतं, कदाचित माघारही घ्यावी लागली असती. पण इथे मी कुणाशी बोललेच नव्हते. ज्या भांडणात समोर कुणी नव्हतं ते मी हरून बसले होते आणि दंड त्या मुलीने भरला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती आता दहावीत. दहावीला आमच्याकडे गॅदरिंगमध्ये घेत नाहीत, बोर्डाचं वर्ष असतं. मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात थांबवलं आणि सांगितलं. तुझे हात जड नव्हते. मी खोटं बोलले. मला लोकांची भीती वाटली होती. माफ कर.

मुलं आजूबाजूने डबे घेऊन पळत होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं खरंच जड आहेत. मी आरशात बघायचे."

मी काय बोलणार. मग विचारलं, आता नाचतेस का कधी?

"घरी करते आपा. दार लावून."

झोहराची गोष्ट मी तिला सांगितली, थोडक्यात. ड्रेस्डेनपर्यंतच सांगता आली, घंटा झाली. तिने विचारलं, काहीच येत नव्हतं आणि तरी घेतलं? मी म्हटलं, हो. "बरं झालं," ती म्हणाली आणि वर्गात गेली.

डिसेंबर येईल. मराठीचा कार्यक्रम पुन्हा माझ्याकडे असेल. या वेळी नाव लिहिण्याआधी मी घरच्यांना विचारणार आहे, आणि मुलीला तर विचारणारच आहे. ज्यांची हरकत असेल त्यांच्याशी बोलेन. नाहीच जमलं तर मुलीला खरं कारण सांगेन. गेल्या वर्षीचं लाल पेन अजून ड्रॉवरमध्ये आहे. वह्या तपासायला तेच वापरते.